मांगलीचे मस्तक

कन्हान गावाहून नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर जाऊ लागले की खापरखेड्याजवळ सिलेवाडा नावाचे गाव लागते. आज हा सारा मुलूख कोळशाच्या खाणींमुळे ओळखला जातो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मात्र सिलेवाड्याची ख्याती वालुकाश्माच्या खाणींसाठी होती. दगड फोडताना एखादा थर पानासारखा सुटून येई आणि त्याच्या अंगावर खरोखरीचे पान उमटलेले दिसे. जिभेच्या आकाराचे ते पान. मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्यापासून दोन्ही अंगांना पसरलेले बारीक शिरांचे जाळे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला ‘ग्लॉसॉप्टेरिस’, म्हणजे जिभेसारखा नेचा, असे नाव दिले. पुढे ते झाड नेचा नव्हेच, बीज धारण करणारे मोठे झाड, असे ठरले. पण नाव चिकटले ते चिकटलेच. कन्हानच्या पलीकडच्या तीरावरील कामठीचे नाव या खडकांना मिळाले, आणि भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ‘कामठी’ म्हटले की छावणी नव्हे, पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची वाळू डोळ्यांपुढे येते.

याच जुन्या गोंडवनी दगडांत आणखी एक वस्तू सापडते. मणक्यांची माळ ओवावी तसे तिचे रूप. पाहणाऱ्याला पाठीच्या कण्याची आठवण व्हावी. म्हणून तिचे नाव पडले ‘व्हर्टिब्रेरिया’. शंभराहून अधिक वर्षे ही एक स्वतंत्र वनस्पती म्हणून पुस्तकांत नांदली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निश्चित झाले, की हे त्या जिभेच्या पानांच्या झाडाचेच मूळ. पान एका नावाने, मूळ दुसऱ्या नावाने, आणि झाड कोणी पाहिलेलेच नाही!

नामशेष झालेल्या प्राण्यांची चित्रे पाहताना मला नेहमी या मुळाची आठवण होते. हल्ली मुलांच्या पुस्तकांत समुद्रातले प्रचंड सरडे, लांब मानेचे, वल्ह्यांच्या पायांचे, अगदी छायाचित्र काढावे इतक्या बारकाईने रंगवलेले असतात. घरातले एखादे चौकस पोर विचारते, “हे कुणी पाहिलं होतं?” आणि वडीलधारी मंडळी विषय बदलतात. प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. कोणी पाहिले नव्हते. मग डोळे कोठे, शेपूट केवढी, कातडी कशी, हे ठरले कसे? या प्रश्नाचे उत्तर द्यायला विलायतेच्या समुद्रकिनाऱ्यापासून सुरुवात करण्याची चाल आहे. मी मात्र नागपूरपासून करणार आहे, कारण या गोष्टीतले एक मस्तक आपल्याकडचे आहे.

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधील डन्स गावचे. 1817 चा त्यांचा जन्म. 1845 च्या आरंभी ते नागपुरास आले तेव्हा भोसल्यांची गादी अजून शाबूत होती. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. आले होते धर्मप्रसारासाठी. तो किती झाला याचा हिशेब ज्यांनी करायचा त्यांनी करावा. पण खेडोपाडी हिंडताना या दोघांची नजर दगडांवर जाऊ लागली, आणि हा नाद त्यांना चांगलाच लागला. सीताबर्डीच्या काळ्या दगडाखाली काय आहे, टाकळीच्या थरांतले शंख गोड्या पाण्यातले की खाऱ्या, सिलेवाड्याचे पान कोणत्या झाडाचे, असे प्रश्न त्यांनी स्वतःला घातले आणि उत्तरांसाठी पेट्याच्या पेट्या लंडनला रवाना केल्या. सिलेवाडा-कामठीकडच्या पानांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी 1861 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या एका वनस्पतीला त्यांनी हिस्लॉप यांचेच नाव दिले.

कन्हानकाठच्या दगडांत पाने उदंड मिळाली, हाडे नाहीत. हाड मिळाले ते नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवर, मांगली येथे. तेथल्या दगडात एक कवटी निघाली. धड नाही, पाय नाहीत, शेपूट नाही, नुसती कवटी. ती लंडनला प्रोफेसर रिचर्ड ओवेन यांच्या टेबलावर गेली आणि 1855 मध्ये तेथील भूगर्भशास्त्र परिषदेच्या त्रैमासिकात तिचे वर्णन छापून आले. ओवेन यांनी तिला नाव दिले ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’. आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा, एवढाच त्याचा अर्थ. काळ पाहा. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निवर्तले, 1854 मध्ये राज्य खालसा झाले, भोसल्यांचे जडजवाहीर लिलावाच्या वाटेला लागले. त्याच सुमारास नागपूरकडची ही दुसरी ठेव विलायतेला गेली, आणि तिच्यासाठी कोणाचे डोळे ओले झाल्याची नोंद नाही. ती आजही लंडनच्या संग्रहालयात आहे.

ओवेन म्हणजे त्या काळचे हाडांचे सर्वाधिकारी. ‘डायनोसॉर’ हा शब्द 1842 मध्ये त्यांनीच घडवला. मांगलीच्या प्राण्याला त्यांनी ‘लॅबिरिंथोडॉन्ट सरीसृप’ म्हटले. या गटातील प्राण्यांचा दात आडवा कापून पाहिला तर आत भूलभुलैयासारख्या वळ्या दिसतात, म्हणून ते लांबलचक नाव. आज हा गट सरीसृपांत धरत नाहीत, उभयचरांत धरतात; पण ओवेन यांच्या मनात तो पाण्यातला एक सरपटणारा जीव होता हे ध्यानात ठेवावे.

आता नुसत्या कवटीवरून काय कळते? बरेच कळते. डोळ्यांच्या खोबणी कवटीच्या पुढच्या भागात आणि वरच्या अंगाला आहेत. म्हणजे प्राणी तळाशी दबून वर पाहत असावा. कवटी लांबीच्या मानाने फार रुंद आणि चपटी. म्हणजे जबडा अरुंद चिमट्यासारखा नव्हे, टोपल्यासारखा. हाडांवर कोरीव काम केल्यासारख्या रेघा-खळगे आहेत, आणि त्यांतून काही पन्हळी वळत गेल्या आहेत. या पन्हळी मला सर्वांत बोलक्या वाटतात. रोहू मासा चिरणाऱ्या कोणत्याही गृहिणीला त्याच्या कुशीवरून शेपटीपर्यंत गेलेली एक रेघ ठाऊक असते. पाण्याची हालचाल टिपणारे ते इंद्रिय. मांगलीच्या प्राण्याच्या डोक्यावरील पन्हळी त्याच जातीच्या. असले इंद्रिय जमिनीवर फिरणाऱ्याला काय कामाचे? तेव्हा हा जीव पाण्यातलाच.

पाणी कसले, तेही मांगलीच्या दगडानेच सांगितले. तेथे चिमुकल्या शिंपल्यांसारखे अवशेष थरच्या थर मिळतात. ते शिंपले नव्हेत, दोन झडपांत राहणाऱ्या कोळंबीच्या दूरच्या नात्यातील बारक्या जीवांची कवचे आहेत. रूपर्ट जोन्स यांनी 1862 मध्ये त्यांना मांगलीचे नाव दिले, ‘एस्थेरिया मांगलीएन्सिस’. त्यांचे आजचे नातेवाईक पावसाळी डबक्यांत आणि गोड्या तळ्यांत आढळतात. म्हणजे समुद्र नव्हे. उथळ, गोडे पाणी.

येथपर्यंत सारे ठीक. पण मानेच्या मागे काय? तेथे दगड गप्प आहे, आणि दगड गप्प झाला की माणूस बोलू लागतो.

तो काय बोलला हे पाहायचे तर लंडनच्या सिडनहॅम भागातील क्रिस्टल पॅलेसच्या बागेत जावे लागते. काचेचा तो महाल 1936 मध्ये जळून गेला, पण बागेतील तळ्याकाठचे प्राणी अजून उभे आहेत. बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने ओवेन यांच्या सल्ल्याने ते घडवले आणि 10 जून 1854 रोजी बाग लोकांसाठी खुली झाली. नामशेष प्राणी अंगापिंडाने उभे करण्याचा एवढा मोठा प्रयत्न जगात तोवर कोणी केला नव्हता. तत्पूर्वी 31 डिसेंबर 1853 च्या रात्री इग्वानोडॉनच्या साच्यात बसून विद्वानांनी मेजवानी झोडली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. विद्वत्ता आणि जाहिरात यांचे सख्य तसे जुने.

या तळ्यात समुद्रसरट आहेत. इक्थिओसॉर, म्हणजे मत्स्यसरट, हा त्यांतला मुख्य. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस गावी 1811-12 मध्ये मेरी अ‍ॅनिंग या बारा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या भावाने त्याचा सांगाडा शोधला. भावाला कवटी दिसली, उरलेले अंग बहिणीने हुडकले. तेथे हाडे एकसंध मिळत. मांगलीसारखी मस्तकावर बोळवण नव्हती. तरीही चित्र चुकलेच. या प्राण्याच्या डोळ्याभोवती हाडाच्या चकत्यांचे कडे असते. ते जिवंतपणी डोळ्याच्या आत असणार. हॉकिन्सच्या पुतळ्यात ते बाहेर, सूर्यफुलासारखे उमललेले दिसते. शेपटीची कथा याहून मौजेची. बहुतेक सांगाड्यांत शेपटीचा कणा एका ठरावीक जागी खाली वाकलेला असे. ओवेन यांच्या हे 1838 मध्येच लक्षात आले होते. त्यांनी तर्क केला, की शेपटीला उभा पर असावा, आणि मेल्यावर त्याच्या ओझ्याने कणा निखळून खाली वाकला असावा. पर होता हे बरोबर. पण वाकलेला कणा त्यांनी मनाने सरळ केला, आणि पुतळ्यांची शेपूट सरळ झाली.

मग 1890 च्या दशकात जर्मनीतील होल्झमाडेन येथील काळ्या पाटीच्या दगडांत बर्नहार्ड हाउफ यांनी असे सांगाडे साफ केले, की ज्यांच्याभोवती कातडीची काळी सावली शिल्लक होती. त्या सावलीत दिसले, की पाठीवर एक पर आहे, ज्याला आत हाडच नाही. आणि शेपूट चंद्रकोरीसारखी दुभंगलेली असून कणा तिच्या खालच्या शाखेत वाकून शिरलेला आहे. मोडलेला म्हणून जो सरळ केला, तो जन्मतःच वाकडा होता! पाठीचा पर तर हाडांवरून कोणाला सात जन्मांत कळला नसता. 2018 मध्ये याच भागातल्या एका सांगाड्याच्या कातडीचा रासायनिक शोध घेतला गेला. कातडी गुळगुळीत, खाली देवमाशासारखा चरबीचा थर, पाठ गडद आणि पोट फिकट, एवढे त्यातून निघाले. कच्छमध्ये लोडाई गावाजवळ सापडलेला सुमारे साडेपाच मीटर लांबीचा मत्स्यसरट दिल्ली विद्यापीठाच्या प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये जगापुढे मांडला. जुरासिक काळातला भारतातील तो पहिलाच. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या देहाला जेव्हा चित्रकार शेपूट आणि पाठीचा पर देतो, तेव्हा तो ते होल्झमाडेनकडून उसने घेतो. उसनवारी चालते, कारण नाते पक्के आहे.

उसनवारी चुकीच्या घरी केली तर काय होते, ते त्याच बागेत पाहायला मिळते. आणि येथे मांगलीचा संबंध येतो. तळ्याकाठी लॅबिरिंथोडॉनचे पुतळे आहेत. मांगलीचा प्राणी ज्या गटात घातला गेला त्याच गटातले हे. आणि ते आहेत चक्क बेडूक! गाईएवढे, फुगलेले, मागच्या पायांवर बसलेले बेडूक. ओवेन यांच्यापुढे कवट्या आणि दात होते, थोडी सुटी हाडे होती. जिवंत उभयचरांत रुंद तोंडाचा ओळखीचा प्राणी बेडूक. तेव्हा धड बेडकाकडून आणले.

त्यात पावलांच्या ठशांनी भर घातली. जर्मनीत हिल्डबुर्गहाउझेन येथे वालुकाश्मावर माणसाच्या पंजासारखे ठसे सापडले होते. काउप यांनी 1835 मध्ये त्या अज्ञात प्राण्याला ‘कायरोथेरिअम’, हातवाला पशू, म्हटले. गंमत अशी, की या हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला. उजव्या पावलाचा ठसा डाव्यासारखा दिसे. ओवेन यांनी हे ठसे लॅबिरिंथोडॉनच्या पदरात टाकले, आणि लायेल यांच्या पुस्तकात त्या बेडकाचे चालतानाचे चित्र आले: एक पाय दुसऱ्यापुढे तिरका टाकत, पायात पाय अडकवत चाललेला! एवढा मोठा शास्त्रज्ञ. पण अंगठा आतच असला पाहिजे हा आग्रह सुटेना, म्हणून प्राण्याला बिचाऱ्याला आयुष्यभर अडखळत चालवले. 1925 मध्ये झोर्गेल या जर्मन पंडिताने ठशांवरूनच दाखवले, की तो अंगठा नव्हे, बाहेर वळलेली करंगळी आहे, आणि चालणारा बेडूक नसून मगरीच्या दूरच्या भाऊबंदकीतील सरीसृप असला पाहिजे. पुढे 1965 मध्ये स्वित्झर्लंडमधील तशा एका प्राण्याच्या सांगाड्याचे वर्णन झाले आणि त्याचा पाय या ठशांत बसला. न पाहिलेल्या प्राण्याचे रूप बरोबर सांगितल्याची इतकी सुंदर उदाहरणे थोडी असतील. म्हणून मी या खटाटोपाला कल्पनाविलास म्हणत नाही.

हिस्लॉप यांनी यातले काही पाहिले नाही. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाटला गेले होते. तेथील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन सर रिचर्ड टेंपल यांच्या मंडळींबरोबर त्यांनी पाहिले. परतताना अंधार पडला, पावसाने ओढा चढला होता, आणि घोड्यावरून तो ओलांडताना ते बुडाले. मालेरीच्या बाजूला, आजच्या तेलंगणात, सापडलेल्या हाडांविषयीची त्यांची पत्रे पुढच्या वर्षी लंडनला छापली गेली.

त्या मालेरीच्या हाडांनी विद्वानांना मांगलीहून अधिक छळले. तेथे एका सुसरीसारख्या जलचराच्या मुस्कटाचे तुकडे मिळाले. हक्सले यांनी 1870 मध्ये त्याला ‘पॅरासुकस’ म्हटले, म्हणजे मगरीच्या शेजारचा, आणि 1885 मध्ये लायडेकर यांनी पुढे ‘हिस्लॉपी’ हे नाव जोडले. ओढ्यात गेलेल्या माणसाचे नाव एका पाणथळीतल्या प्राण्याला मिळाले. पण लायडेकर यांनी एका प्राण्याची म्हणून जी हाडे एकत्र मांडली, त्यांतला मेंदूकोशाचा भाग भलत्याचा निघाला. तो होता ऱ्हिंकोसॉर नावाच्या, चोचीसारख्या तोंडाच्या, पाला खाणाऱ्या जनावराचा! मुस्कट एकाचे, डोके दुसऱ्याचे. गणपतीची गोष्ट आपल्याला पूज्य आहे, पण हाडांच्या शास्त्रात ती चालत नाही.

हा गुंता सोडवला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने. आकडेशास्त्राच्या संस्थेने हाडे उकरावीत याचे नवल वाटेल. पण महालनोबिस यांचे कुतूहल आकड्यांत मावणारे नव्हते. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून तेथे हे काम सुरू करविले. त्या परंपरेतले शंकर चॅटर्जी यांनी 1978 मध्ये पॅरासुकसच्या संपूर्ण सांगाड्यांचे वर्णन केले. तेव्हा कळले, की सुसरीशी साम्य केवळ वरवरचे. सुसरीची नाकपुडी मुस्कटाच्या टोकाला असते; याची कपाळावर, डोळ्यांच्या जवळ. सुसर पाण्यात टेहळत असते तेव्हा नाकाचे टोक पाण्याबाहेर ठेवते. हा मात्र सारे मुस्कट बुडवून केवळ कपाळाने श्वास घेत असणार. दोन सांगाड्यांच्या पोटाच्या जागी लहान सरीसृपांची हाडे होती, अखेरचे जेवण. त्या गिळलेल्या जातीला ‘मालेरीसॉरस’ आणि पुढे रॉबिन्सनबाईंचे नाव मिळाले. लायडेकर यांचा मूळ तुकडा ओळख पटवायला अपुरा ठरला, तेव्हा 2003 मध्ये प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तो बाजूला सारून पूर्ण सांगाडा नमुना म्हणून मान्य केला. हिस्लॉप यांचे नाव राहिले, आणि त्याला एकदाचे सबंध अंग मिळाले.

मांगलीच्या मस्तकाला ते अजून मिळालेले नाही. त्याचे चित्र काढायचे तर आज निदान उसनवारी कोठे करावी हे माहीत आहे. बेडकाकडे नाही. याच्या रक्ताचे भाऊ दक्षिण आफ्रिकेत आहेत. त्यांतल्या एकाचे नावच बेडूक-मगर अशा अर्थाचे आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधील ‘सिडेरॉप्स’ या चुलत नात्यातल्या प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा 1983 मध्ये वर्णिला गेला. इतक्या दूरची नाती मांगलीशी जुळतात, कारण ही सारी भूमी तेव्हा एकसंध होती. आपल्या गोंडांच्या मुलखाचे नाव घेऊन जग तिला गोंडवन म्हणते. सिडेरॉप्स हा मांगलीच्या प्राण्याहून पुष्कळ मोठा आणि कित्येक कोटी वर्षे उशिराचा. त्याचे माप घ्यायचे नाही, ठेवण घ्यायची.

तेव्हा कागदावर प्रथम रुंद, चपटे डोके, फावड्याच्या पात्यासारखे. डोळे पुढे आणि वर. त्यांच्याभोवती पाणी ऐकणाऱ्या त्या पन्हळी, कारण एवढे तरी मांगलीचे अस्सल आहे. मग आखूड, दुबळे पाय, लांबट अंग आणि पोहण्याजोगी चपटी शेपूट. हे सारे ऑस्ट्रेलियाकडून. भोवती गढूळ, उथळ पाणी आणि गाळात बारक्या कवचांचा खच. रंगाचा पुरावा नाही. मुलांनी विचारले तर मी पाठीला गाळासारखा मळकट तपकिरी द्यायला सांगेन, आणि शेपटीची कडा पेन्सिलीनेच राहू द्यायला सांगेन, शाईने नाही.